घंगाळातले देव

आक्का, गेल्या रविवारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. तू असतीस तर दुसऱ्याच भाषणाला उठून खाली चहा प्यायला गेली असतीस. नऊ जण बोलले, आणि नऊच्या नऊ जणांनी तू किती मायाळू होतीस ते सांगितलं. मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, ही कुठली बाई? माझी बहीण मायाळू नव्हती. मला सहामाहीला गणितात बारा मार्क पडले तेव्हा माझ्या बहिणीनं तो पेपर काचेची फ्रेम करून आणला आणि दारासमोरच्या भिंतीवर लावला. कुणी आलं की म्हणायची, "बसा पावणं. ह्यो बगा आमच्या बारकीचा पराक्रम." वार्षिक परीक्षेला अठ्ठ्याहत्तर पडले, तो पेपर मात्र रद्दीत गेला. "त्यात काय बगायचं? एवढं तर पडायलाच पायजेत," म्हणाली.

मेलेल्या माणसाबद्दल गोड बोलायची रीत तुला कधी पटली नाही. शेजारच्या काकांच्या तेराव्याला तू लाडू खाता खाता म्हणाली होतीस, "माणूस खवट हुता, लाडू मात्र ब्येस झाल्यात." काकू समोर वाढायला उभ्या होत्या. तेव्हा मीही तुझ्याबद्दल खरंच लिहिणार आहे. माझ्याबद्दलही खरं लिहावं लागेल, आणि ते जास्त जड जाणार आहे.

तुझ्या-माझ्यात बारा वर्षांचं अंतर. बाबा गेले तेव्हा मी दोन वर्षांची, त्यामुळे मला ते फोटोतलेच ठाऊक. आई घरी ब्लाउज शिवायची. तू कॉलेज संपवून इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायचीस, आणि दर दुसऱ्या रविवारी सकाळी वाचनालयाच्या हॉलमध्ये इंग्रजांचे जुने, काळे-पांढरे पिक्चर समजावून सांगायचीस. मुंबईहून एस.टी.च्या टपावर पत्र्याच्या डब्यांतून रिळं यायची आणि वाचनालयातले बापू प्रोजेक्टरचं मशीन चालवायचे. फ्रेंच, रशियन पिक्चरला खाली इंग्रजी अक्षरं तरी असायची. इंग्रजांच्या पिक्चरला ती कोण घालणार? आणि त्यांचं ते ओठ न हलवता बोललेलं इंग्रजी. कॉलेजातले प्राध्यापकसुद्धा पहिल्या पाच मिनिटांत चष्मा पुसायला लागायचे. म्हणून पडद्याच्या बाजूला लाकडी स्टुलावर तू, हातात माईक. लॉर्ड असो की पाद्री, तुझ्या तोंडून सगळे आपल्या पेठेतले होऊन बोलायचे.

"पाद्री म्हणतोय, पोरी, देवाच्या मनात काय हाय ते आपल्याला कळत न्हाई. पोरगी म्हणतीया, मग तुमी पगार कशाचा घेता?"

हॉल हसून लोळायचा. ती पोरगी खरंच तसं म्हणाली होती का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

त्या पिक्चरांत एखादं पोर असायचंच. केस नीट विंचरलेले, गुडघ्यापर्यंत मोजे, आणि देवावर पक्का भरवसा. पोरं चर्चमध्ये ओळीनं उभी राहून गायची, पलंगाशी गुडघे टेकून डोळे मिटायची. मोठी माणसं फार सभ्य. हळू आवाजात त्या पोराला असं काहीतरी सांगायची की जे खरं नसायचं, आणि तासाभरात पोराला ते कळायचं. तू म्हणायचीस, "पोराचा विश्वास दाखवायचा, मग मोडायचा, मोठ्यांनी रडून घ्यायचं आणि घरला जाऊन जेवायचं. धंदा हाय ह्यो." मोठी झाल्यावर मी तुझ्याशी यावर भांडायचे. मोडला म्हणून काय झालं, तो विश्वास खरा होता की नाही? तू म्हणायचीस, "खरा हुता की. म्हणून तर मोडल्यावर आवाज येतोय." हे भांडण आपलं कधी मिटलं नाही.

मी पाचवीत असताना तो पिक्चर आला. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण तो एक पिक्चर नाहीच. तू सांगितलेला एक, आणि मुळातला दुसरा.

समुद्रकाठचं गाव. वारा, दगडी चर्च, आणि आठ वर्षांची मार्गारेट. तू पहिल्याच सीनला जाहीर केलंस, "हिचं नाव मंगी." मंगीचा थोरला भाऊ बोटीवर गेलाय, वादळ होऊन गेलंय आणि बोट आलेली नाही. पाद्री तिला म्हणतो, विश्वास ठेव. चर्चमध्ये कोळ्यांचा सांभाळ करणाऱ्या कुणा संताची हातभर उंचीची, चुन्याची रंगवलेली मूर्ती आहे. एका सकाळी मंगी ती झग्याखाली लपवून आणते आणि घरामागच्या पावसाच्या पाण्याच्या पिंपात घालते. दोन्ही हातांनी खाली दाबून धरते आणि दात आवळून काहीतरी बोलते.

तू माईक तोंडाशी नेलास आणि म्हणालीस, "मंगीनं देव पाण्यात घातले!"

सगळ्या हॉलमधून 'हां' असा आवाज आला. आपल्याकडं घरात कुणाचं अडलं, कुणी आजारी पडलं, की देवघरातले देव उचलून पाण्यात ठेवतात. काम होईपर्यंत त्यांना बाहेर काढायचं नाही. देवालाच कोंडीत धरायची ही रीत, ती सांगावी लागेल असं हॉलमध्ये कुणीच नव्हतं. मागच्या रांगेतली एक बाई मोठ्यानं म्हणाली, "इंग्रजांच्यातबी घालत्यात व्हय गं?"

"अडल्यावर सगळेच घालत्यात, मावशी," तू माईकवरून सांगितलंस.

मग शेवट आला. समुद्राच्या रस्त्यानं एक माणूस येतोय. उजेड त्याच्या पाठीमागं, त्यामुळे तोंड दिसत नाही. मंगी त्याच्याकडं पळत सुटते. आणि पडदा पांढरा झाला. आतून बापू ओरडले, "रीळ तुटलं!"

तू उठून पडद्यासमोर आलीस. "तुटू दे. मी सांगतो पुढचं." आपल्याकडच्या बायकांसारखं तूही 'येतो, जातो, सांगतो' असंच बोलायचीस. "भाऊ आला. मंगीनं देव भाईर काढले, पुसले, जाग्यावर ठेवले. तिच्या आईनं गावात पेढे वाटले. चला, उठा, जेवायच्या येळा झाल्यात."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. इंग्लंडात पेढे मिळत नाहीत हे माझ्याही ध्यानात आलं नाही. मला घरी जायची घाई झाली होती, कारण घरी आई होती आणि आईच्या पोटात पाणी साठायला लागलं होतं. डॉक्टर सुईनं पाणी काढायचे, आठवड्यात परत भरायचं. तू मला सांगितलं होतंस, पित्त आहे.

दुसऱ्याच दिवशी मी तांब्याचं घंगाळ घेतलं, शिलाई मशीनखाली सरकवलं आणि त्यात पाणी भरून आपले पाचही देव ठेवले. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती, अंबाबाई आणि जोतिबाचा टाक. आई अंथरुणावरून बघत होती. "एवढ्या गार पाण्यात? देवास्नी पडसं हुईल की गं," म्हणाली.

"मग तू लौकर बरी हो, म्हंजे काढतो त्यास्नी," मी म्हटलं.

शिकवणी संपवून तू आलीस आणि घंगाळ पाहिलंस. मला वाटलं, तू आता ते मोरीत ओतून देणार. देव म्हणजे पितळ, घासलं की चमकतं, असं आईच्या तोंडावर म्हणणारी तू. पण तू घंगाळापाशी उकिडवी बसलीस.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"तूच की. मंगीनं न्हाई का घातलेले?"

तू उठून मोरीत गेलीस आणि तोंडावर पाणी मारत राहिलीस. मला वाटलं, उकडत असेल.

देव अकरा दिवस पाण्यात होते. मी रोज पाणी बदलायचे, पण देव न काढता. वाटीनं जुनं पाणी उपसायचं आणि वरून हळू नवं सोडायचं. पाण्यातून एकदाही बाहेर येऊ द्यायचे नाहीत हे मी मनाशी पक्कं केलं होतं. नवव्या दिवशी तू आणि बापूंनी आईला रिक्षातून सरकारी दवाखान्यात नेलं. अकराव्या दिवशी मी साडेपाचला शाळेतून आले आणि दप्तर टाकायच्या आधी मशीनखाली बघितलं. घंगाळ नव्हतं.

देव देवघरात होते. कोरडे, पुसलेले, पण सगळे उलटेसुलटे. गणपतीच्या जागी अन्नपूर्णा, आणि बाळकृष्ण तोंड भिंतीकडं करून. जिनं जन्मात पूजा केली नाही तिनं ठेवलेले. तू मागच्या दारात उभी होतीस आणि तुझ्यामागं चुलीवर घंगाळात पाणी तापत होतं. ते कशासाठी तापतंय हे मला पुढच्या तासाभरात कळलं.

"देव का काढलेस?"

"भांडं पायजे हुतं."

"आई बरी झाली?"

"आई गेली, बारके."

मी दप्तर तुझ्या अंगावर फेकलं. कंपासपेटी उघडून तुझ्या पायावर पडली. मी ओरडले, "तू देव काढलेस म्हणून गेली! तूच मारलीस तिला!"

तुझ्याकडं कुठल्याही गोष्टीला चार उत्तरं तयार असायची. त्या दिवशी तू माझ्याकडं बघितलंस आणि एकच शब्द बोललीस.

"व्हय."

त्या एका शब्दावर मी पंधरा वर्षं काढली, आक्का. किती दुष्टपणा केला ते शोकसभेत सांगायला कुणी मला बोलावलं नाही, म्हणून इथं सांगते. आईचे दिवस होताच मी देवघरासमोर रांगोळीची रेघ मारली आणि तुला सांगितलं, ही ओलांडायची नाही. मी अकरा वर्षांचीही नव्हते. तू बावीस वर्षांची, मला पोसणारी, माझी वेणी घालणारी. तू ती रेघ एकदाही ओलांडली नाहीस. केर काढतानासुद्धा रेघेपर्यंत काढायचीस आणि पलीकडचा माझ्यासाठी ठेवायचीस. सहावीत 'माझी बहीण' असा निबंध आला तेव्हा मी पहिल्याच ओळीत लिहिलं की माझ्या बहिणीनं माझ्या आईला मारलं. बाईंनी तुला शाळेत बोलावून घेतलं. तू उभ्या उभ्या सगळा निबंध वाचलास आणि बाईंना म्हणालीस, "चांगला लिवलाय. ऱ्हस्व-दीर्घाकडं जरा बघा तिच्या." घरी येताना मला भेळ घेऊन दिलीस. मी ती गटारीत ओतली.

लग्न ठरलं ते शिरोळला. सासरी ऊस, म्हशी, आणि घरातलं प्रत्येक माणूस दत्ताचं. शनिवारी वाडीला दत्ताच्या दर्शनाला गेल्याशिवाय कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. मला ते घर फार आवडलं. देवक बसवायच्या सकाळी मी आईच्या बहिणीला, आपल्या मावशीला, सगळ्यांच्या देखत सांगितलं, "जिनं देव काढले तिनं देवकाला हात लावायचा न्हाई." तू हातातलं ताट खाली ठेवलंस आणि मांडवात जाऊन खुर्च्या मोजत बसलीस. नंतर माझ्याकडं येऊन म्हणालीस, "पत्रिकेत दोन चुका हाईत. 'आशीर्वाद'चा शी पहिला काढलाय." एवढंच. पाठवणीला तू मला ते घंगाळ दिलंस, चिंचेनं घासून लखलखीत केलेलं. मला ते डिवचल्यासारखं वाटलं. शिरोळच्या घरात मी त्यात कांदे भरले.

गेल्या वर्षी राजारामपुरीतल्या सीडीच्या दुकानात मला तो पिक्चर सापडला. खाली इंग्रजी अक्षरं होती. सासू-सासरे शेतात गेले असताना दुपारी मी तो लावला, आणि मला दिसलं की मंगीचा भाऊ अर्ध्या पिक्चरमध्येच मेलाय. काठावर माणसं कुणालातरी उचलून नेतात, तिथं तू सांगितलं होतंस, "हे दुसऱ्या गावचं कोण हाय." पिंपापाशी मंगी दात आवळून म्हणते ते एवढंच, की आता तू बुड, बघ कसं वाटतं. ती देव पाण्यात घालत नव्हती. ती देवाला बुडवून मारत होती. आणि तुटलेल्या रिळात येणारा माणूस होता पाद्री. तो गुडघ्यावर बसून तिला काहीबाही सांगतो. मंगी ऐकून घेते, जाऊन पिंपातून मूर्ती काढते. पाण्यानं रंग गेलाय, चुना विरघळलाय, मूर्तीला नाक-डोळे उरलेले नाहीत. ती मूर्ती पाद्र्याच्या हातात देते आणि विचारते, माझ्या भावाचा चेहरा पण असाच झाला होता का? पाद्री टोपी हातात धरून उभा राहतो. तिथंच पिक्चर संपतो.

मी तुला फोन लावला.

"खोटारडी हाईस तू."

"भाषांतर हाय ते. त्यात जरा इकडंतिकडं हुतंय."

"इकडंतिकडं? शेवट कापलास तू त्याचा!"

"वाईट हुता शेवट."

"तुला कुणी अधिकार दिला?"

"माईक माझ्या हातात हुता."

"मी देव पाण्यात घातले ते तुझ्या तोंडचं ऐकून. तूच घालायला लावलेस आणि तूच काढलेस. देव न मानणारी बाई तू, एका पोरीला असं खेळवलंस?"

तू म्हणालीस, "व्हय," आणि फोन ठेवलास. मी शिरोळहून चार महिने तुझ्याकडं फिरकले नाही. त्या चार महिन्यांत तुझ्या छातीत काय वाढत होतं ते तू मला कळवलं नाहीस. मी तरी कुठं विचारलं?

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी तुझ्याजवळ होते. तू उशीला टेकून बसली होतीस, हातांच्या काड्या झालेल्या, पण तोंड तसंच चालू होतं. नर्सच्या इंग्रजीतल्या चुका काढत होतीस. ती गेल्यावर तू माझ्याकडं वळलीस.

"काय गं, देव पाण्यात घातलेस का न्हाईस माझ्यासाठी?"

"तुझा कुठं विश्वास हाय?"

"माझा न्हाई. तुझा हाय की."

आक्का, मी काय बोलले ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण ते पुसून टाकायचा मला हक्क नाही. मी म्हणाले, "न्हाय घातले. घालून काय करू? काढायला तूच हाईस की, सवय हाय तुला."

तू हसलीस. एवढी हसलीस की खोकल्याची उबळ आली आणि नर्सला पळत यावं लागलं. चार दिवसांनी तू गेलीस. माझ्यासाठी तुझ्या तोंडून निघालेलं शेवटचं म्हणजे ते हसणं आणि तो खोकला.

सगळं उरकून मी शिरोळला आले. फाटकाशी माझी मनू उभी होती, सहा वर्षांची. मंगीची गोष्ट तू तिलाही सांगितली होतीस, पेढ्यांसकट. तिनं माझा हात धरला आणि मला ओढत माजघरात नेलं. घंगाळातले कांदे जमिनीवर पसरलेले होते आणि घंगाळात पाणी होतं. पाण्यात सासूबाईंच्या देवघरातले सगळे देव.

"मी घातले, आजीला विचारून. मावशी बरी झाली?"

मी तीन दिवस झोपले नव्हते. ही सबब नाही, नुसतं सांगते. मी म्हणाले, "काढ ते सगळे. मावशी मेली. देव पाण्यातच हुते ना? मग? काय केलं त्यांनी?"

मनू रडली नाही. तिनं एकेक देव बाहेर काढला, फ्रॉकनं पुसला आणि आजीच्या हातात दिला. संध्याकाळी सासूबाई दिवा लावून तिला म्हणाल्या, "हात जोड, बाळा." ती म्हणाली, "ते कायबी करत न्हाईत." सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मला मात्र मनातून बरं वाटलं. मी माझ्या पोरीला खरं सांगितलं, तुझ्यासारखा शेवट कापला नाही, याचा मला अभिमान वाटला. दहा-बारा दिवस तो टिकला.

शोकसभा संपल्यावर बापू मला जिन्यात भेटले. आता सत्तरीकडं झुकलेत, कठडा धरून एकेक पायरी उतरतात. ते मध्येच थांबले.

"एक सांगू का? तिनं सांगू नका म्हटलंतं. पर आता तीच न्हाई."

"बोला की, बापू."

"रीळ तुटलं नव्हतं त्या दिवशी. आदल्या दिवशी आमी ट्रायल बघितलीती. मला म्हणाली, बापू, उद्या फुडं माझी बारकी बसणार हाय, आणि आई अशी आजारी. त्यो माणूस रस्त्यावर दिसला की मशीन बंद करा."

मला त्याचं काही वाटलं नाही. सीडी बघितल्यापासून मला तेवढं कळलंच होतं. मी पुढची पायरी उतरले. बापू मागून म्हणाले, "आणि तुझी आई दुपारी दोनला गेली, पोरी. मी हुतो की तिथं."

"दोनला?"

"दोनला. मग आमी रिक्षातनं घरला आलो. मला वाटलं, ही कापडं घ्यायला आली असंल. तर ही मशीनखाली वाकून देव काढाय लागली. मी म्हटलं, अगं, ही काय येळ हाय? तर म्हणाली, 'बापू, पोरगी शाळेतनं येईल आणि बगेल, देव पाण्यातच हाईत आणि आई गेली. मग तिला कोण उरलं? त्यापरीस माझ्यावर राग काढू दे. मी माणूस हाय, सोसतो.'"

"म्हंजे आधी आई गेली."

"आधी आई गेली. देव मागनं काढले."

मी जिन्यातच बसले. आक्का, मला आधी तुझा रागच आला. फार राग आला. तू माझ्यावर उपकार करताना मला काय करून ठेवलंस? दहा वर्षांच्या पोरीचा देव वाचवलास आणि तिला पंधरा वर्षं तुझ्या ताटात माती कालवू दिलीस. एकदा तरी म्हणायचंस, मोठी झाले होते की मी. लग्नाच्या मांडवात म्हणायचंस. फोनवर मी खोटारडी म्हणाले तेव्हा म्हणायचंस. तिथंही तू 'व्हय'च म्हणालीस. आणि दवाखान्यात तू ते हसत विचारलंस, देव पाण्यात घातलेस का, तेव्हा तू तुझ्यासाठी विचारतच नव्हतीस. पंधरा वर्षं अंगावर घेऊन जे राखलंस ते माझ्याजवळ अजून शाबूत आहे का, एवढंच तुला बघायचं होतं. मी सांगितलं, नाही. मला रडता येईना. बापू तीन पायऱ्या वर उभे होते, त्यांनाच रडू फुटलं.

शिरोळला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. मनू अंगणात एकटीच ठिकरी खेळत होती. मी तिच्याजवळ पायरीवर बसले. तुझ्यासारखी मला सवय नाही, त्यामुळे वाक्य जुळवायला वेळ लागला.

"मनू, तुला एक सांगायचं राहिलं. मावशी दवाखान्यात हुती तवा मी एकदा कापडं न्यायला आलतो, आठवतंय? तू शाळेत हुतीस."

"व्हय."

"तवा मी देव पाण्यातनं काढले हुते. घंगाळ पायजे हुतं मला. मागनं परत घातले. तुला कळलं न्हाई."

तिच्या हातातली ठिकरी तशीच राहिली. त्या दिवशी मी कपडे घेतले, बस गाठली, माजघराकडं बघितलंही नव्हतं.

"मधी काढायचे नसतात," ती म्हणाली.

"न्हाई काढायचे."

"म्हणून मावशी गेली? तुझ्यामुळं?"

"व्हय," मी म्हणाले.

तिनं ठिकरी माझ्या अंगावर फेकली. कपाळाला लागली, भुवईच्या वर, थोडं रक्त आलं. आज शुक्रवार. पाच दिवस झाले, ती माझ्याशी बोलत नाही. माझ्या हातची भाकरी घेत नाही, आजीच्या ताटात जेवते, आजीजवळ निजते. पण आज सकाळी मी परसातून आत आले तेव्हा ती देवघरासमोर उभी होती, डोळे गच्च मिटून, हात जोडून. माझी चाहूल लागली तशी तिनं डोळे उघडले, कोनाड्यातली रांगोळी घेतली, आणि माझ्याकडं न बघता देवघरासमोर एक रेघ मारली.

मी झाडू घेतला, रेघेपर्यंत केर काढला आणि थांबले. आक्का, पुढं काय करायचं असतं, तेवढं तरी सांगून जायचंस.